ट्रेलरचे टायर, वजन आणि वेग : मुलुंड ते भंडारदरा, दुसऱ्या प्रयत्नात

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुण्यातल्या एका गृहस्थांकडून छोटा कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला. आत दोघांना झोपता येईल एवढी जागा, मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा आणि टपावर उघडणारा तंबू. किंमत २ लाख ६० हजार. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून माझ्या मनात हे होतं, पण नवी कॅराव्हॅन आवाक्याबाहेरची होती. आमच्या एसयूव्हीच्या मागे जोडता येईल असा ट्रेलर मिळाला आणि वाटलं, जमलं.

त्यानंतर भंडारदऱ्याला नीट पोचायला एक वर्ष लागलं. मधल्या काळात जे कळलं ते मला आधी मराठीत कुठे एकत्र वाचायला मिळालं असतं, तर शहापूरच्या अलीकडे जे घडलं ते टळलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कागदपत्रं. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलं जातं. त्याला इंजिन नसलं तरी नोंदणी लागते, नंबर लागतो, विमा लागतो. आमचा ट्रेलर पुण्याला नोंदलेला होता, त्यामुळे तिथून ना हरकत म्हणजे फॉर्म २८, मग मालकी बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, सोबत मूळ आरसी, विमा, दोघांचे पत्त्याचे पुरावे. पुण्याच्या ना हरकतीला २३ दिवस गेले. आमच्या विभागाच्या आरटीओत खिडकीवर पहिला प्रश्न आला, पीयूसी कुठे आहे? ज्याला इंजिनच नाही त्याची पीयूसी कुठून आणणार? दोन फेऱ्यांनंतर एका अधिकाऱ्यांनी सुचवलं की साध्या कागदावर अर्ज लिहा, 'सदर वाहनास इंजिन नाही', आणि त्यावर चासी नंबरची पेन्सिलने घेतलेली प्रिंट चिकटवा. तेवढ्याने काम झालं. नवी आरसी पोस्टाने यायला आणखी पाच आठवडे. ओढणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीलाही ट्रेलर जोडणार असल्याचं लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. मी ते ईमेलने केलं, उत्तराची प्रिंट गाडीत असते.

हे सगळं होईपर्यंत मे उजाडला आणि मग पावसाळा. ट्रेलर सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. महिना ८०० रुपये भाडं, ताडपत्री टाकलेली, चाकं मात्र उघडी. निम्मा दिवस ऊन, मग पाऊस, मग पुन्हा ऑक्टोबरचं ऊन. त्या सहा महिन्यांत मी एकदाही टायरकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काही कळलं नसतं, कारण नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती. नियमाने चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, आमची सहाच्या आसपास होती. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात हे मला माहीत नव्हतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४. पहाटे साडेपाचला निघालो. मी गाडी चालवत होते, बाजूला नवरा, मागे सासूबाई आणि मुलगा. भिवंडी बायपासची गर्दी लागायच्या आत पडघ्याच्या पुढे गेलो. रस्ता मोकळा मिळाला तसा काटा ९० वर गेला. गाडीला ते काहीच नव्हतं. ट्रेलर मागे आहे हे जाणवतही नव्हतं, आणि मला तेव्हा ते चांगलं लक्षण वाटलं.

वाशिंद सोडल्यावर मोठा आवाज झाला. आधी वाटलं शेजारच्या ट्रकचा टायर गेला. मग स्टिअरिंग डावीकडे ओढल्यासारखं झालं आणि आरशात ट्रेलरचा मागचा भाग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे गेलेला दिसला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ब्रेक लागताच ट्रेलर आणखी जोरात फिरला. नवरा ओरडला, "सोड, सोड, ब्रेक सोड!" मी पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, गाडी आपसूक मंदावली आणि कडेला लागली. सासूबाईंनी मुलाला कुशीत घट्ट धरलं होतं. कोणालाही खरचटलं नाही. पण पुढचा अर्धा तास माझे हात थरथरत होते.

ट्रेलर डोलायला लागला तर काय करायचं हे मी नंतर वाचलं, ते इथेच सांगते. पाय गॅसवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ आणि स्थिर धरायचं, जोराचा ब्रेक मारायचा नाही, उलट-सुलट स्टिअरिंग फिरवून डोलणं सावरायला जायचं नाही आणि वेग वाढवून ट्रेलर 'खेचून सरळ' करायला तर मुळीच जायचं नाही. वेग उतरला की डोलणं आपोआप शमतं. ज्यांच्या ट्रेलरला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक आहेत त्यांना फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात. आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेकच नाहीत.

डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. ट्रेलरला स्टेपनी नव्हती आणि गाडीची स्टेपनी बसणं शक्य नव्हतं, बोल्टची मापंच वेगळी. महामार्गाच्या कडेला एका पंक्चरवाल्या दादांचं दुकान होतं. ते बाइकवरून येऊन पाहून गेले, शहापुरातून १२ इंची जुना टायर शोधून आणला, बसवून दिला. या सगळ्यात तीन तास गेले. एकूण १,८०० रुपये घेतले. जाताना त्यांनी चांगला दिसणारा उजवा टायर हाताने चाचपला आणि मला म्हणाले, "ताई, हा टायर कधीचा आहे ते बघितलंत का?"

त्यांनीच दाखवलं. टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांची एक ओळ असते, तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. आमच्या टायरवर ३११७ होतं. म्हणजे २०१७ सालचा ३१ वा आठवडा. सात वर्षांपूर्वीचा टायर. नक्षीच्या खोबणीत आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा होत्या, नखाने जरा ताणलं की उघडत होत्या. ताडपत्रीखाली झाकलेला ट्रेलर आणि उन्हात उघडी चाकं हे चित्र तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं.

तिथूनच परत फिरलो. ताशी ४० ने मुलुंड. मुलगा रस्ताभर गप्प होता, घरी आल्यावर त्याने विचारलं, "आपण ट्रेलर विकणार का?" मी म्हटलं, आधी का फुटला ते शोधू.

पुढच्या रविवारी, २४ नोव्हेंबरला, आदल्या आठवड्यासारखंच सगळं सामान भरून आम्ही भिवंडी बायपासजवळच्या वजनकाट्यावर गेलो. प्रत्येक वजनाचे १०० रुपये. तीन पावत्या घेतल्या. ट्रेलर गाडीतून सोडून पूर्ण काट्यावर : ७८० किलो. मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर : ७४० किलो. आणि फक्त डावं चाक काट्यावर : ४१० किलो. काट्यावरचे भाऊ आधी कुरकुरले, मग काय करतोय ते समजल्यावर स्वतः उतरून गाडी पुढे-मागे घ्यायला मदत करू लागले. एका चाकाचं वजन करताना काटा आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीत हवा, नाहीतर ट्रेलर कलंडून आकडा चुकतो.

या तीन पावत्यांनी मला इतर कशापेक्षाही जास्त शिकवलं. आरसीवर सकल वजन, म्हणजे सामानासकट चालणारं कमाल वजन, ७५० होतं, आम्ही ३० किलो वर होतो. डावीकडे ४१० आणि उजवीकडे ३३०, म्हणजे ८० किलोचा फरक, कारण पाण्याची टाकी, बॅटरी आणि ओट्याखालचे कप्पे सगळे डावीकडे. आणि ७८० मधून ७४० वजा केले की उरतात ४० किलो, तेवढाच भार ट्रेलरचं नाक, म्हणजे जोडणीचं पुढचं टोक, गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर अडकतं त्यावर टाकत होतं. एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार नाकावर असावा असा लहान ट्रेलरसाठीचा ठोकताळा आहे, आमचा पाच टक्केच होता. नाक हलकं आणि शेपूट जड असलेला ट्रेलर वेग वाढला की डोलतो. मागच्या टाकीत आम्ही ६० लिटर पाणी भरलं होतं. ६० लिटर म्हणजे ६० किलो, तेही चाकांच्या मागे.

आता टायर. जुन्या टायरवर १४५/८० आर १२ ७४ टी असं लिहिलेलं होतं. यातला ७४ हा भारांक, त्याचा अर्थ एका टायरला कमाल ३७५ किलो. 'टी' हा वेगाचा संकेत, ताशी १९०. मी घेताना तो १९० पाहून निर्धास्त झाले असते. पण डाव्या चाकावर ४१० होते, म्हणजे मर्यादेच्या ३५ किलो वर. शिवाय ते ३७५ पूर्ण हवा असतानाचे, आणि मी निघताना गाडीच्या अंदाजाने २८ पीएसआय भरली होती. अमेरिकेच्या नियमात तर मोटारीचा टायर ट्रेलरला लावला की त्याची भारक्षमता १.१० ने भागून धरतात. ३७५ भागिले १.१० म्हणजे ३४१. त्या हिशेबाने उजव्या बाजूचाही जेमतेमच निभाव लागत होता. वय, जादा भार, कमी हवा, ताशी ९०. टायर भाराखाली दबतो, दर फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो, त्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर जास्त वाकतो, वेग जास्त असेल तर मिनिटाला जास्त वेळा वाकतो. जुनं, भेगाळलेलं रबर ती उष्णता सोसू शकलं नाही.

परदेशात ट्रेलरसाठी 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) खुणेचे खास टायर मिळतात. त्यांची बाजूची भिंत कडक असते, आणि वेगळा वेगसंकेत छापलेला नसेल तर ते ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०४ किलोमीटरपर्यंतच वापरायचे असा पूर्वापार दंडक आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी दोन शनिवार फिरले, आमच्या मापात ते कुठेच मिळाले नाहीत. एका दुकानदार काकांनी शेवटी सरळ सांगितलं, "छोट्या टेम्पोचा टायर घ्या, तो वजनासाठीच बनवलेला असतो." छोट्या मालवाहू टेम्पोचं माप १४५ आर १२ एलटी, ८ पीआर. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा, पीआर म्हणजे टायरच्या मजबुतीची श्रेणी. उंचीत जुन्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटरचाच फरक, चाकाच्या कमानीला लागत नाही. भारांक ८६, म्हणजे एका टायरला ५३० किलो.

मी तीन घेतले, दोन चाकांना आणि एक स्टेपनीला. दुकानात वाकून तिन्हींचे आकडे वाचले. आधी दिलेल्या जोडीत एक २०२२ चा निघाला, तो परत केला. माझे तिन्ही ३८२४ चे आहेत, सप्टेंबर २०२४. आयएसआयची खूणही पाहून घ्या. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना एकाच मापाचे, एकाच बनावटीचे टायर हवेत. एक रेडियल आणि एक साधा असं चालत नाही.

इथे एक गोष्ट माझ्याकडून राहून जाणार होती. या टायरची कमाल हवा ६५ पीएसआय आहे, पण जुनी डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक, मोटारीची होती. डिस्कलाही स्वतःची भार आणि हवेची मर्यादा असते. काकांनी डिस्क उलटी करून आतला शिक्का दाखवला आणि नको म्हणाले. मग टेम्पोच्याच डिस्क घेतल्या, बोल्टचं माप जुळवून, आणि रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचे. टायर, डिस्क, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग मिळून १९,४०० रुपये झाले. त्यासोबत दोन्ही चाकांचे बेअरिंग उघडून धुऊन नवं ग्रीस, १,२००. डाव्या बेअरिंगचं ग्रीस काळं पडून घट्ट झालं होतं. एवढा खर्च एकदम करताना जड गेलं, पण मुलाचा प्रश्न डोक्यात होता.

मग वजन उतरवलं. टाकी रिकामी ठेवून पुढच्या बाजूला फक्त २० लिटरचा कॅन. बॅटरी पुढे, उजवीकडे. जाड कापडाचा मांडव, बिडाचा तवा, खुर्च्या, हातोडा आणि लोखंडी खुंट्या यातलं निम्मं घरी, निम्मं गाडीत. सासूबाईंनी स्टीलची मोठी कळशी स्वतः काढून ठेवली. पुन्हा काट्यावर गेलो : एकूण ६९०, नाकावर ७०, डावीकडे ३१५, उजवीकडे ३०५. ती पावती हातात घेऊन मला जे वाटलं ते आरसी हातात आल्यावरही वाटलं नव्हतं.

नाकाचा भार गाडीच्या मागच्या चाकांवर येतो, तो गाडीच्या सामानात धरायचा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी वेगळा हवेचा आकडा असतो, गाडीत मी तो भरते. ट्रेलरच्या टायरला, कंपनीच्या भार-हवा तक्त्यात पाहून, माझ्या वजनाला पुरून उरेल अशी ५० पीएसआय. पूर्ण ६५ भरली तर एवढ्या कमी वजनाला ट्रेलर खड्ड्यांवर उडतो. हवा पहाटे, चाक फिरायच्या आधी मोजायची. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती कधीही सोडायची नाही.

वेगाबद्दल मी बरंच वाचलं. चौपदरी महामार्गावर मोटारीसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० आहे. ट्रेलर मागे असताना तो आकडा मी डोक्यातून काढून टाकला. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला मोटरवेवर ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, आणि साध्या रस्त्यावर ५० मैल, म्हणजे ८०. कॅलिफोर्नियात ५५ मैल, सुमारे ८८. जर्मनीत एरवी ८०. ऑटोबानवर १०० ची परवानगी हवी असेल तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा कमी वयाचे आणि किमान ताशी १२० च्या वेगसंकेताचे लागतात. तिथे वेगाची परवानगी टायरच्या वयाशी जोडलेली आहे, हे वाचून मी बराच वेळ त्या ३११७ बद्दल विचार करत बसले.

रविवार, १५ डिसेंबरला पहाटे फक्त आम्ही दोघं चाचणीला निघालो. १,१०० रुपयांची एक इन्फ्रारेड तापमापक बंदूक घेतली होती. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट ५० ते ८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. पडघ्याच्या पुढे थांबून टॉर्क पान्ह्याने तपासले तेव्हा दोन नट खरोखरच थोडे फिरले. मग वीस-वीस मिनिटं ६०, ७० आणि ८० ने चालवून दरवेळी थांबून टायर आणि हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, यांचं तापमान मोजलं. बाहेर २४ अंश होतं. ६० ला दोन्ही टायर ३६ च्या आसपास, ७० ला ३९, ८० ला ४४. डावा-उजवा फरक दोन अंशांच्या आत. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला तर बेअरिंगमध्ये काहीतरी बिनसलेलं असतं. बंदूक नसेल तर हाताची मागची बाजू जवळ नेऊनही कळतं.

८० ला टायर ठीक होते, पण एक लांब कंटेनर ट्रेलर बाजूने गेला तेव्हा आधी हवेने ढकललं, मग ओढलं, आणि आमचा ट्रेलर किंचित डोलला. ७० ला तसाच कंटेनर गेला, काही झालं नाही. तिथेच ठरलं. चौपदरीवर ७०, घोटीच्या पुढच्या अरुंद रस्त्यावर ५०, घाटात ४० आणि उतरताना खालचा गिअर, कारण मागचे ६९० किलोही माझ्याच गाडीच्या ब्रेकने थांबवायचे आहेत. ७० ऐवजी ९० ने जाताना थांबवायची ऊर्जा ६५ टक्क्यांनी वाढते. वाचतं किती? मोकळ्या ९० किलोमीटरच्या पट्ट्यात ७७ मिनिटांची ६० होतात. सतरा मिनिटं.

शनिवार, ११ जानेवारी २०२५ ला आम्ही चौघं पुन्हा निघालो. जोडणी सुटली तरी ट्रेलर धरून ठेवणाऱ्या सुरक्षा साखळ्या नाकाखाली एकमेकींवरून तिरप्या अडकवल्या, नवऱ्याने मागे उभं राहून ब्रेकचे आणि वळणाचे दिवे पाहिले, मी हवा वहीत लिहिली. डाव्या मार्गिकेतून ७० ने जाताना मागून हॉर्न वाजत राहिले, ट्रक पुढे जात राहिले. सुरुवातीला लाज वाटते. कसाऱ्याला पोचेपर्यंत ती गेली. वाटेत त्या पंक्चरवाल्या दादांकडे थांबलो. त्यांनी ओळखलं, वाकून आकडे वाचले, तळहात टायरवर ठेवला आणि म्हणाले, "थंड आहे. जावा आरामात."

दुपारी दीडला भंडारदरा. तिथल्या धरणाच्या जलाशयाच्या, आर्थर लेकच्या कडेला चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून मगच गाडी सोडली. सासूबाईंनी ओट्यावर पहिला चहा केला, वीस लिटरच्या कॅनमधल्या पाण्याचा. पाणी दोन दिवस पुरलं, गावातून एकदा भरून आणावं लागलं एवढंच.

या पावसाळ्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ट्रेलर चार लोखंडी स्टँडवर उचलून ठेवला आहे, म्हणजे टायरवर भार नाही. चाकांना गोणपाट गुंडाळून वर पांढरं जाड कापड बांधलं आहे. मुलाने पांढऱ्या रंगाने चाकाच्या कमानीच्या आत लिहून ठेवलंय : 'सप्टेंबर २०२९ ला बदलायचे'. मी त्याला म्हटलं, २०२८ च्या दिवाळीपासूनच भेगा पाहायला लागू. त्याने खाली तेही लिहिलं.